लिनक्सवाला मामा आणि आईने घासलेली सीडी

पेणपासून रोह्यापर्यंत संगणक खऱ्या अर्थाने कळणारा माणूस एकच आणि तो माझा मामा, असं मामाचं स्वतःचं मत आहे. धाटावच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून रोह्याजवळच्या वरसेतल्या घरात तो संगणकावर लिनक्स ही कुणा एकाच्या मालकीची नसलेली प्रणाली चालवतो. लोक देवघर सांभाळतात तसं. बाकीचे संगणकवाले त्याच्या लेखी नुसते भाडेकरू. "स्वतःच्या मशीनमधली फाइल उघडायला दुसऱ्याची परवानगी मागता, लाज नाय वाटत?" असं त्याने भर बारशाच्या पंगतीत बँकेच्या मॅनेजरला विचारलं होतं. स्वतः मात्र साधं गाणं लावायचं तरी काळ्या पडद्यावर आधी चार ओळी टाइप करतो, मग गाण्याऐवजी एरर येतो, आणि त्या एररवर तो गाण्यापेक्षा जास्त खूश होतो. एकदा मी त्याच्या मशीनमधून पेनड्राइव्ह 'इजेक्ट' न करता तसाच उपटला. मामा कडाडला, "उत्तरपूजा नाय, मूर्ती जागेवरून हलवली नाय, आणि थेट उचलून पाण्यात? आणि म्हणे गणपतींच्या पेणचा!" तेव्हापासून मी त्याच्या घरी पंख्याचं बटणसुद्धा विचारून बंद करतो.

अशा या मामाचे पाय धरायची वेळ आली ती आईमुळे. माझ्या बहिणीच्या लग्नाची सीडी सोडली तर बाबांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. बाबा गेल्यापासून आई ती देवाच्या भांड्यांजवळ ठेवायची. यंदा गणपतीच्या आधी पितळेची भांडी घासायला काढली, तेव्हा हीही चकचकीतच हवी म्हणून तिने सीडीलाही चिंच आणि राख लावली. पेणमधल्या फोटोवाल्याने ती उजेडात धरली आणि म्हणाला, "आता हिच्यावर चहाचा कप ठेवा." आईने सीडी परत पदरात गुंडाळली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "माज्या हातानं घालवले रे मी त्यांना." मला तिच्याकडे बघवेना.

वरसेला मामाने सीडी आत घातली तर मशीनला ड्राइव्हच दिसेना. त्याने केबल काढली, फुंकली, लावली, मशीनला कंपनीच्या शिफ्टमधल्या ठेवणीतल्या शिव्या दिल्या. शेवटी कळलं की कधीच भंगारात गेलेल्या जुन्या ड्राइव्हचं नाव त्यानेच सेटिंगच्या फाइलमध्ये तसंच ठेवलं होतं. "बघ, लिनक्स चुकत नाय, मी चुकलो!" तो अभिमानाने म्हणाला. नाव बदललं, ड्राइव्ह दिसला, कॉपी सुरू झाली आणि पहिल्याच ओरखड्यावर अडली. पुन्हा लावली, पुन्हा अडली. मग मामाने दुसरा प्रोग्रॅम काढला. तो खराब जागा सोडून आधी मिळेल तेवढं उचलतो आणि नंतर त्या खराब जागी हळूहळू परत परत जातो. "दामटायचं नाय, ताई. मिळेल तेवढं घेऊ, उरलेल्याच्या पाया पडू," मामा म्हणाला. जन्मात कुणापुढे न वाकलेला हा माणूस! आई शेजारी बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसली, पण नजर पडद्यावर.

दुपार कलल्यावर मामाने फाइल लावली. चित्र नव्हतंच, नुसते हिरवे चौकोन. मंगलाष्टकं तुटक तुटक. आणि मधेच बाबा स्वच्छ, खणखणीत ओरडले, "अरे, हा माझा मेहुणा कुठं कडमडला? मुहूर्त टळतोय, बोलवा त्याला!" मामाशिवाय नवरीला बोहल्यावर आणणार कोण, आणि मामा तर तेव्हा मांडवामागे बिघडलेला लाउडस्पीकर खोलून बसलेला.

आई पदर तोंडाला लावून रडत होती, हसतही होती. मामाने चष्मा काढला.

"आलो, भावोजी, आलो," तो म्हणाला, आणि खुर्चीतून खरंच उठून उभा राहिला.