नळीवरच्या खाचा

घाटघरचे बारवाले आबा गेल्या पौषात चाकणला मुलाच्या घरी वारले. वय परवान्यावरच्या नोंदीप्रमाणे शहात्तर. रानडुकरांपासून भात राखण्यासाठी त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिने त्यांनी एकही डुक्कर मारले नाही. डुकरे आवाजानेच पळत. उन्हाळ्यात मात्र रिकाम्या खाचरात ते मातीच्या बांधाला गोवरी टेकवून तिच्यावर गोळ्या झाडत आणि त्या एकाच जागी का बसत नाहीत, याचा शोध घेत.

शोध दारूच्या मापाचा होता. माप म्हणजे बोटाएवढी बांबूची नळी. ती भरून दारू बंदुकीत ओतायची, वर तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची. गोळ्या विखुरल्या म्हणजे दारू जास्त, असा त्यांचा हिशोब. मग नळीचे तोंड दगडावर किंचित घासायचे, की माप तेवढे कमी होई. प्रत्येक घासणीची एक खाच ते नळीवर करत. घासलेला बांबू वाढत नाही, म्हणून आधी बंदुकीचे तीन बार झाल्याशिवाय नळीला दगड लावायचा नाही, आणि लावला की लगेच पुन्हा बार काढून बघायचा, हा नियम. घाईने घासून वाया घालवलेली पहिली नळी त्यांनी देवळीत, येता-जाता दिसेल अशी ठेवली होती.

"एक गोळी बसली तर ती नशिबाची," ते म्हणत. "तिसरी बसली तर माझी."

पत्नी होती तोवर ती बाजूच्या दगडी बांधामागे बसे आणि बार झाला की गोळी कुठे लागली ते ओरडून सांगे. डुकरं मरायच्या आधी माझ्या गोवऱ्या संपायच्या, हेही ऐकवी. ती गेल्यावर आबा प्रत्येक बारानंतर पन्नास पावले जात, वाकून बघत आणि पन्नास पावले परत येत. दोन बारांमध्ये किती वेळ गेला यावरून आबांचे गुडघे आज कसे आहेत, ते खालच्या वाडीत बसून सांगता येई.

मी पिकांच्या नुकसानीची बातमी करायला गेलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी निवडणुकीसाठी बंदुका ठाण्यात जमा करायच्या होत्या. दुसऱ्या नळीवर तेव्हा सात खाचा होत्या. माझे प्रश्न संपायच्या आत आबांनी मला दगडी बांधाकडे पाठवले.

"पावणं, तिथं मागं बसा. कुठं बसली तेवढं सांगा. बरं वाटावं म्हून काय सांगू नका."

पहिल्या दोन गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या. तिसरी चार बोटे उजवीकडे गेली. मी तसेच सांगितले. आबा गोवरी बघायला आले नाहीत.

"ती बी असंच सांगायची," ते म्हणाले आणि बंदूक पुसायला लागले.

नळी आता घासणार का, असे मी विचारले. आजचा उजेड संपला, उद्या बंदूक जाणार, मग पुन्हा बघायचे कशावर, असे त्यांचे उत्तर होते. बंदूक परत आली की पुढचे.

निवडणूक झाली. मधल्या काळात परवान्याची मुदत संपली होती आणि नूतनीकरणाला डोळ्यांचे प्रमाणपत्र लागत होते. बंदूक ठाण्यातच राहिली. आषाढात आबांचा फोन आला.

"पावणं, तिसरी खरंच भाईर व्हती का?"

चार बोटे, असे मी सांगितले.

"उजवीकडंच?"

"उजवीकडंच."

"मंग ठीक हाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

दिवाळीनंतर मुलाने त्यांना डोळे तपासायला नेले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला निघाला. दोन वर्षे तरी असावा, असे डॉक्टर म्हणाले. आबा नेम उजव्या डोळ्याने धरत. प्रमाणपत्र मिळाले नाही. मुलगा त्यांना चाकणला घेऊन गेला. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला होता. त्याआधीच ते गेले.

बंदूक अजून ठाण्यात आहे. मुलाला परवाना नको आहे.

तेराव्यानंतर त्याने घाटघरचे घर उघडले तेव्हा मी सोबत होतो. पहिली नळी देवळीत होती. दुसरी खुंटीला दोऱ्याने टांगलेली होती. मी तिच्यावरच्या खाचा दोनदा मोजल्या. आठ होत्या.