नववा रकाना

सरकारी कचेरीत कागद साठतात तसेच किस्सेही साठतात. फरक एवढाच, की कागदांना वाळवी लागते. रिटायर होताना मला शाल आणि नारळ मिळाला. शाल मुलीने नेली, नारळाची बर्फी झाली आणि किस्से तेवढे माझ्याकडे राहिले. चार मित्र जमले की त्यातले दोन-तीन बाहेर काढतो. आज एकाच यादीचे सगळे काढतो.

आमचं वॉर्ड ऑफिस घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मध्ये कुठेतरी होतं. नेमकं कुठे ते सांगत नाही, कारण तिथल्या काही जणांची पेन्शन अजून चालू आहे, त्यात माझीही. वॉर्ड ऑफिसर बर्वेसाहेब, हेडक्लार्क सामंत, मालवणकडचा शिपाई परब, आणि सफाई खात्याचे मुकादम कांबळे. मी टायपिस्ट. सहा वर्षं टेम्पररी.

यातले कांबळे दरवर्षी मे महिन्यात एक अर्ज आणून देत. ते टेकडीखालच्या चाळीत राहत. चाळीच्या पाठीला लागूनच टेकडीचा कडा होता आणि प्रत्येक पावसाळ्यात त्याचे दगड थोडे थोडे पुढे सरकत. अर्ज एवढाच, की जोराच्या पावसात चाळीतल्या चाळीस कुटुंबांना समोरच्या म्युनिसिपल शाळेत राहू द्यावं. दरवर्षी अर्जावर एक शब्द लिहून तो फायलीत जाई: विचाराधीन.

*

पासष्ट सालची लढाई सुरू झाली आणि मुख्य कचेरीतून तातडीचं परिपत्रक आलं. आणीबाणीत कार्यालयप्रमुख अनुपलब्ध झाल्यास त्यांच्या जागी कोण, ते अनुपलब्ध झाल्यास कोण, अशी क्रमवार यादी तीन दिवसांत पाठवावी.

बर्वेसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि सामंतांना बोलावलं.

"अनुपलब्ध म्हणजे काय हो सामंत?"

"म्हणजे जागेवर नसलेले, साहेब."

"बाँब पडून?"

"कारणाचा रकाना दिलेला नाही, साहेब."

साहेब अस्वस्थ झाले. आपल्यामागे कोण, हे आपल्याच सहीने लिहून द्यायचं म्हणजे मृत्युपत्र करण्यासारखंच. शेवटी त्यांनी एक अट घातली. यादी कोणाचीही असो, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या वर कनिष्ठाचं नाव येता कामा नये.

म्हणून पहिल्या क्रमांकावर बर्वेसाहेबांचंच नाव टाइप झालं. बर्वे अनुपलब्ध झाल्यास त्यांच्या जागी बर्वे. पुढे मुख्य कचेरीने यादी अशीच मंजूर केली.

*

दुसऱ्या क्रमांकासाठी भांडण लागलं. मेंटेनन्सचे इंजिनिअर आणि मलेरिया खात्याचे डॉक्टर एकाच दिवशी नोकरीला लागलेले. इंजिनिअर म्हणाले, मी सकाळी हजर झालो. डॉक्टर म्हणाले, मी दुपारी आलो, कारण सकाळी मी पेशंट वाचवत होतो. पाकिस्तानशी युद्धबंदी झाली तरी हे चालूच होतं.

सामंतांनी तोडगा काढला. विषम तारखेला इंजिनिअर, सम तारखेला डॉक्टर.

दोघेही खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर कॅलेंडर घेऊन परत आले.

"सामंत, एकतीस तारखेनंतर एक तारीख येते. दोन्ही विषम. शत्रूने नेमकं तेव्हा काही केलं तर लागोपाठ दोन दिवस इंजिनिअर?"

"डॉक्टरसाहेब," सामंत म्हणाले, "फेब्रुवारीकडे बघा. तिथे एकतीस नाही."

"फेब्रुवारीत लढाई कोण करतं?"

यादीच्या तळाशी तळटीप टाकावी लागली. महिनाअखेरच्या बाबतीत प्रत्यक्ष परिस्थिती पाहून निर्णय घेण्यात यावा.

*

छापील तक्त्यात नऊ रकाने होते आणि आमच्याकडे नावं आठच भरली. माझं नाव घेता आलं नाही. टेम्पररी माणसाला कायमचं काही देता येत नाही, साहेबाची जागा तर नाहीच.

रिकामा रकाना बघितला की सामंतांना घास जात नसे. रिकाम्या रकान्यात नंतर कोणी काहीही लिहू शकतं, असं त्यांचं मत होतं. तेवढ्यात अर्जाची चौकशी करायला कांबळे आले.

"कांबळे, तुमचं नाव घालतोय इथे. हरकत नाही ना?"

"काय करावं लागतं त्यात?"

"काही नाही. वरचे आठ जण गेले की तुमचा नंबर."

"आठच्या आठ गेले तर ऑफिस कशाला राहतंय, सामंतसाहेब?"

"ते आपण नाही बघायचं. आपण रकाना बघायचा."

कांबळ्यांनी मान डोलावली. "आणि माझा अर्ज?"

"तो विचाराधीन आहे. ही यादी तातडीची आहे."

*

लढाई थांबली, पण परिपत्रक थांबलं नव्हतं. त्यात एक रंगीत तालीमही होती. सकाळी अकरा ते एक साहेब अनुपलब्ध आहेत असं समजून ऑफिस चालवून दाखवायचं. तपासायला मुख्य कचेरीचे एक अधिकारी येणार होते.

अकराला भोंगा वाजला. साहेबांनी रेकॉर्डरूममध्ये खुर्ची टाकून बसायचं होतं. तारीख सम होती, म्हणून डॉक्टर चार्ज घ्यायला निघाले, आणि दारातच थांबले.

"साहेब अनुपलब्ध आहेत हे मी तोंडी कसं मानू? उद्या ते नाही म्हणाले तर?"

त्यांचंही खरं होतं. शेवटी मी कागद टाइप केला आणि साहेबांनी रेकॉर्डरूममध्ये त्यावर सही केली. "मी आज अकरा वाजल्यापासून अनुपलब्ध असल्याचे प्रमाणित करतो."

तपासणी अधिकाऱ्यांना तो कागद इतका आवडला, की त्यांनी एक प्रत मागून घेतली.

मग त्यांनी विचारलं, "आणि ही इमारतच पडली तर पर्यायी कार्यालय कुठे?"

"वरच्या मजल्यावर," सामंत म्हणाले.

"याच इमारतीच्या?"

"साहेब, इमारत पडताना वरचा मजला सगळ्यांत शेवटी जमिनीला लागतो. तेवढा वेळ मिळतो."

अधिकाऱ्यांनी तेही लिहून घेतलं. इतक्यात परब ट्रे घेऊन रेकॉर्डरूमकडे निघालेला त्यांना दिसला.

"चहा कोणाला?"

"सायबांका," परब म्हणाला. "सायब मेलेले हत, पण चाय पितत."

*

त्या तालमीतून ऑफिसला एक कायमची वस्तू मिळाली ती आणीबाणीची पेटी. पत्र्याची, लाल रंगाची. आत ऑफिसचा शिक्का, शाईचं पॅड, टॉर्च, कोरे चार्ज रिपोर्ट आणि वॉर्डातल्या म्युनिसिपल इमारतींच्या जादा किल्ल्या. झाकणाच्या आतल्या बाजूला ती नऊ नावांची यादी खळीने चिकटवलेली. पेटीला कुलूप नव्हतं, कारण कुलपाची किल्ली यादीतल्या कोणाकडे ठेवायची यावर एकमत झालं नाही.

ती व्हरांड्यात असे. परब तिच्यावर बसून डबा खाई.

*

दोन वर्षांनी, जुलैमध्ये, मुख्य कचेरीला त्या यादीची पुन्हा आठवण झाली. यादीतल्या सर्वांना फोर्टात एक दिवसाचं प्रशिक्षण: कार्यालयप्रमुखांच्या अनुपस्थितीत कामकाज कसे चालवावे. बर्वेसाहेबांसकट आठ जण सकाळी गेले. कांबळ्यांना बोलावणं नव्हतं. तिथल्या खुर्च्या तृतीय श्रेणीपर्यंतच्या लोकांसाठी होत्या.

पावसाचा तो चौथा दिवस होता. अकराच्या सुमाराला कांबळे गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आले.

"साहेब कुठायत? चाळीमागे दोन दगड आले खाली. एक संडासाला लागून थांबलाय. कडा फुगलाय सगळा. शाळा उघडून द्या म्हणावं."

मी फोन लावला. नशिबाने लागला. मुख्य कचेरीतल्या बाईंनी सांगितलं, "ट्रेनिंग चालू आहे. मध्ये कोणाला बाहेर बोलावता येणार नाही."

"अहो, इथे इमर्जन्सी आहे."

"तिथेही तोच विषय चालू आहे."

पुन्हा लावला तेव्हा फोन गेला होता. तासाभरात बातमी आली, की कुर्ल्याला रुळांवर पाणी आहे आणि गाड्या बंद. म्हणजे आठही जण आज येत नव्हते.

कांबळे व्हरांड्यात उभे होते. धोतराचा सोगा पिळत ते म्हणाले, "परबा, जरा ऊठ." परब पेटीवरून उठला. कांबळ्यांनी झाकण उघडलं आणि मला म्हणाले, "वाचा."

मी वाचायला लागलो. प्रत्येक नावाला ते म्हणत, "फोर्टात." आठ वेळा म्हणाले. नवव्या नावावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे सामंतांनी रकाना भरायला घातलं होतं," मी म्हणालो.

"भरलाय ना? मग झालं."

त्यांनी नळावर हात धुतले, पुसले. मी चार्ज रिपोर्ट टाइप केला. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली, आणि शिक्का इतका दाबून मारला की टेबल हललं. मग शाळा उघडण्याचा हुकूम.

शाळेचे हेडमास्तर हुकूम उलटसुलट करून म्हणाले, "पण ही सही मुकादमाची आहे."

"सहीखाली काय लिहिलंय?"

"प्रभारी वॉर्ड ऑफिसर."

"मग किल्ली मी आणलीये, कुलूप तुम्ही दाखवा."

दोनपर्यंत चाळीस कुटुंबं शाळेत आली. स्टोव्ह, देव, तसबिरी, एका म्हातारीचं तुळशीचं डबडं, सगळं. शेवटची खोली कांबळ्यांनी स्वतः बघितली आणि कडी लावली. साडेचारला कडा खाली आला. चाळीची मागची अकरा बिऱ्हाडं त्याखाली गेली. कांबळ्यांच्या खोलीतलं पाण्याचं पिंप पुढे कधी सापडलं नाही. माणूस एकही शोधावा लागला नाही.

*

तिसऱ्या दिवशी बर्वेसाहेब परतले. आल्या आल्या त्यांना शिक्षण खात्याचं पत्र मिळालं: शाळा ताबडतोब मोकळी करावी.

साहेबांनी कांबळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. सामंत होते, मी होतो.

"कांबळे, जे केलंत ते चांगलं केलंत. आता आजच्या आज शाळा रिकामी करा."

"करू ना साहेब. तेवढा चार्ज घ्या आधी. तुम्ही घेतल्याशिवाय हुकूम चालायचा नाही, असं सामंतसाहेब सांगतात."

"बरोबर आहे," सामंत म्हणाले.

कांबळ्यांनी चार्ज रिपोर्ट पुढे ठेवला. मीच टाइप केला होता. साहेब पेन काढून वाचायला लागले. "शिक्का एक. पॅड एक. टॉर्च एक, सेल संपलेले. किल्ल्या सतरा. कुटुंबे चाळीस, लहानमोठी माणसे एकशे त्र्याण्णव, सर्व सुस्थितीत." साहेब थांबले. "हे काय? माणसं कोणी चार्जमध्ये देतं?"

"मी घेतला तेव्हा नव्हती साहेब. आता आहेत. ताब्यात आहे ते सगळं लिहून द्यायचं असतं ना?"

साहेबांनी सामंतांकडे पाहिलं. सामंतांनी तक्ता वरून खाली तपासला. एकही रकाना रिकामा नव्हता.

"नियमाप्रमाणे आहे, साहेब."

"आणि मी सही करून त्यांना बाहेर काढलं तर?"

"तर पुढचा चार्ज देताना ती आपल्याला सुस्थितीत दाखवावी लागतील. मोजून."

बाहेर पाऊस होताच. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"असू दे. दोन दिवस बघू."

दोन दिवसांचे दहा झाले. शाळेचे वर्ग देवळाच्या मंडपात भरले. साहेब रोज वेळेवर येऊन आपल्या खुर्चीत बसत, आणि कांबळे व्हरांड्यात लाल पेटीवर. सह्यांचे कागद मी केबिनवरून पुढे न्यायला शिकलो. इंजिनिअर आणि डॉक्टर दोघेही कांबळ्यांना विचारूनच जेवायला जात, सम-विषम दोन्ही तारखांना.

अकराव्या दिवशी परब केबिनमधून एक कागद घेऊन आला आणि पेटीसमोर उभा राहिला.

"काय रे?"

"सायबांनी अर्ज दिल्यानी. अर्ध्या दिवसाच्या रजेचो."

कांबळ्यांनी अर्ज पूर्ण वाचला. शाळेच्या दिशेने एकदा पाहिलं. मग माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि वरच्या कोपऱ्यात, एकेक अक्षर सुटं काढत, लिहिलं: विचाराधीन.