पट्टी हातात द्या, मग बँडेज

हाडांच्या दवाखान्यातल्या टाइममामांबद्दल मला चारचौघांत सांगायचं आहे, कारण ते स्वतः मेले तरी सांगणार नाहीत.

मामा ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस आहेत, सव्वीस वर्षं. हातापायाचं ऑपरेशन असलं की रक्त थांबवायला मांडीला किंवा दंडाला हवेचा पट्टा फुगवतात. तो पट्टा मामांच्या ताब्यात. खाली कापूस गुंडाळायचा तो एकही सुरकुती न पडता, आणि जंतुनाशकाचा ओघळ त्यात शिरू द्यायचा नाही, नाहीतर ओलीनं कातडी भाजून निघते. पट्टा फुगला की फळ्यावर वेळ लिहायची. मग दर अर्ध्या तासानं मामा खणखणीत आवाजात सांगणार, "साहेब, अर्धा तास झाला." साहेब हाडात कितीही गुंतलेले असोत. म्हणून ते टाइममामा. त्यांची बायको माझ्याकडे कपडे शिवायला टाकते. ती म्हणते, "घरी डाळ भिजत घातली तरी वेळ लिहून ठेवतात. वैताग आहे नुसता!"

मी शिवणकाम करते. गेल्या वर्षी काचेचा ग्लास धुताना फुटला आणि उजव्या हाताच्या तर्जनीची वरची बाजू कापली गेली. बोट सरळ करणारी दोरीच तुटली. बोट लुळं पडलं. सुई धरायचं बोट गेलं तर मी करायचं काय?

ऑपरेशनसाठी फक्त बोट बधिर केलं होतं, मी टक्क जागी. बोटाला मोठा पट्टा चालत नाही, म्हणून रबरी हातमोज्याची कापलेली पट्टी बोटाच्या मुळाशी करकचून गुंडाळली. मामांनी तिला एक चिमटा अडकवला. लटकता चिमटा दिसत राहिला की पट्टी विसरत नाही. पण तो मध्ये मध्ये यायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी काढून ठेवला.

दोरी शिवून झाली, टाके पडले.

"मामा, बँडेज द्या."

मामा हललेच नाहीत. "साहेब, पट्टी माझ्या हातात द्या, मग बँडेज."

"अहो, काढली मी."

"मग दाखवा."

बाहेर पुढचा पेशंट ताटकळलेला, मी थंडीनं कुडकुडतेय आणि हा गृहस्थ रबराच्या तुकड्यासाठी अडून बसलेला! मनातल्या मनात मी त्यांना लाखोली वाहिली. खोटं कशाला बोलू?

डॉक्टरांनी ट्रे चाळला, खाली वाकून पाहिलं. पट्टी कुठेच नाही. शेवटी त्यांनी माझं बोट नीट पुसलं. पट्टी तिथेच होती. गुंडाळत जाऊन सुतळीएवढी झालेली, कातडीच्याच रंगाची, रक्तात लपलेली. ती कापल्याबरोबर माझं पांढरंफटक बोट गुलाबी झालं. डॉक्टरांनी ती मामांच्या तळहातावर ठेवली आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूक माझी होती. थँक्यू, मामा." अशी कबुली द्यायलाही मोठं मन लागतं. मामांनी बँडेज पुढे केलं.

पट्टी आत राहिली असती तर बोट काळं पडलं असतं, आणि बधिर असल्यामुळे सुरुवातीला मला पत्ताही लागला नसता. हे डॉक्टरांनीच नंतर समजावलं.

तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलायला गेले तेव्हा मामा थिएटरबाहेर दिसले. मी हात जोडले. काय बोलायचं ते सगळं घोकून आले होते.

"थांबा," ते म्हणाले. "आधी बोट."

माझा हात त्यांनी उजेडाकडे वळवला आणि बोलायला लागले. "मी या कामात नवीन होतो तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या दवाखान्यातली. एकाच्या बोटावर पट्टी राहिली, आणि वरून बँडेज मी बांधलं. दुसऱ्या दिवशी तो आला. असेच हात जोडले त्यानं. म्हणाला, मामा, काल फार ठणकलं, आता अजिबात दुखत नाही. थँक्यू." मामांनी माझ्या बोटाचं टोक निरखलं. "मी म्हटलं, छान झालं."

"मग?"

"मग बोट गेलं त्याचं. दुखणं थांबलं होतं ते बोट मेलं म्हणून."

त्यांनी माझं नख दाबलं. नख पांढरं झालं. सोडलं तसं रक्त परतून लगेच गुलाबी झालं. त्यांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"हं," मामा म्हणाले. "आता बोला."