आईच्या नावावरचे राक्षस

मला राक्षस आवडायचे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला जरा सोपं जाईल. पोथीतले राक्षस नव्हेत, पिवळट कागदावर छापलेल्या सव्वाशे पानी भयकादंबऱ्यांतले. दलदलीतून वर येणारे, तीन डोळ्यांचे, अंगभर खवले आणि तोंडातून हिरवी लाळ गाळणारे. मुखपृष्ठावर एक बाई कायम किंचाळत असायची, आणि गोष्ट कोकणातल्या आडगावची असली तरी तिच्या अंगात गुडघ्यापर्यंतचा गाऊन असायचा. नवव्या पानाच्या आत दिवे जायचे. शास्त्रज्ञ म्हातारा आणि चक्रम असायचा. शेवटी राक्षसाला जाळून मारायचे, आणि अगदी शेवटच्या पानावर कुठेतरी एक अंडं उरायचंच. हे सगळं मला पाठ होतं, तरी दर वेळी ते अंडं आलं की मी पान मागे उलटून पुन्हा वाचायचे. तेव्हा मी दुसऱ्या पीयूसीत, म्हणजे बारावीत होते. घरी नुकतीच केबल आली होती, तीसुद्धा मला नको असायची.

लाज वाटायची का? मरणाची वाटायची.

आम्ही बेंगळुरूचेच. पूर्वज कधी आणि कुठून आले हे सांगणारंही घरात कोणी उरलं नव्हतं. अप्पांचं राजाजीनगरात बटणं, लेस आणि दोऱ्यांचं दुकान. घरात बोलायचो मराठीच, पण आमची मराठी म्हणजे निम्मं कन्नड. आई सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली. देवनागरी अक्षरं तिला शाळेतल्या हिंदीमुळे यायची, तेवढ्याच भांडवलावर ती मराठी पुस्तकं वाचायला लागली. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, दुपारी दोन ते चार, खिडकीपाशी उजेडात बसून. उजेड लागायचाच तिला. डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की थेंब घालत राहा, पण गेलेली नजर परत येत नाही आणि असलेली कमी कमी होत जाणार. आईनं ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन मला म्हणाली, "मग चांगली चांगली बुकं आधी वाचून घेते."

पुस्तकं मिळायची मल्लेश्वरमला. तिथल्या मराठी मंडळाच्या एका खोलीत दोन कपाटं होती, रविवारी सकाळी दोन तास उघडी. एका सभासदाला आठवड्याला एक पुस्तक. मंडळ चालवणारे सगळे पुण्या-मुंबईकडून नोकरीला आलेले, सरकारी कारखान्यांतले इंजिनियर नाहीतर संशोधनातले. आमच्यासारखे जुने लोक सणावाराला तिथे बोलावले जायचे, बसवलेही जायचे, पण मागच्या रांगेत. राक्षसांच्या कादंबऱ्या दुसऱ्या कपाटाच्या तळाशी होत्या. कोणीतरी बदली होऊन जाताना पोत्यात भरून टाकून गेलेलं होतं.

पुस्तकं देणारे गृहस्थ निवृत्त इंजिनियर. दुष्ट अजिबात नव्हते. पुस्तक परत आणलं की फार कौतुकानं विचारायचे, "काय, कसं वाटलं? काय समजलं?" त्या कौतुकानंच आई पिशवीत काहीतरी शोधायला लागायची. एकदा ती म्हणाली, "लई चांगलं हाय बुक, अण्णा." ते हसले. "वहिनी, 'फार छान आहे' म्हणावं. पुस्तक. बुक नव्हे." आजूबाजूचे दोघेतिघे हसले. आई पण हसली. पुढच्या रविवारी मात्र ती पायरीवरच थांबली, आत आलीच नाही.

मग युक्ती मी काढली. माझीच होती ती, दुसऱ्या कोणाची नाही. आईला हवं असलेलं पुस्तक मी माझ्या नावावर घ्यायचं, आणि मला हवा असलेला राक्षस आईच्या नावावर. मी मराठी शुद्ध बोलायला शिकले होते, रेडिओ ऐकून आणि मंडळवाल्यांच्या पोरींची नक्कल करून. प्रश्नांची उत्तरं मी देणार. राक्षसांच्या कादंबऱ्यांवर तर कोणी काही विचारतच नाही, नुसती जरा नाक मुरडून नोंद करतात. आईला वाचायला मिळालं, मला लाजेवाचून वाचायला मिळालं. दोघींचंही भागलं. दोन वर्षं भागलं.

उत्तरं कुठून यायची? बसमधून. राजाजीनगर ते मल्लेश्वरम आई मला पुस्तक सांगायची. नुसती गोष्ट नव्हे, तिला काय वाटलं ते. एकदा म्हणाली, "त्या बाईला राग येतच नाही ग. म्हणून मला तिची भीती वाटते." मी आत जाऊन टेबलापाशी उभी राहिले आणि म्हटलं, "नायिकेच्या रागापेक्षा तिच्या शांतपणाची जास्त भीती वाटते." गृहस्थांनी चष्मा काढला. पलीकडच्या बाईंना हाक मारून बोलावलं आणि म्हणाले, "ऐका, ही मुलगी काय म्हणतेय. इथली, बरं का, इथलीच." मी विनयानं मान खाली घातली. निर्लज्जासारखी! आई बाहेर पायरीवर पिशवी धरून बसली होती.

तेव्हा मला वाटायचं की मी आईचं काम सोपं करतेय. असं स्वतःला सांगायला काय जातं?

त्या वर्षी मंडळानं ठरवलं की वार्षिक संमेलनात 'उत्तम वाचक' म्हणून एकाला गौरवायचं. नोंदवही बघून नाव काढायचं होतं म्हणून सगळ्यांकडची पुस्तकं परत मागवली. आईच्या हातात तेव्हा एका शाळामास्तरणीची जाडजूड कादंबरी होती. तीनदा घेतली होती, संपत नव्हती. मास्तरणीला वीस वर्षांनी एक पत्र आलेलं असतं आणि ती ते फोडत नाही, ट्रंकेत ठेवते, तिथपर्यंत आई आली होती. "स्वल्प राहिलंय ग, एवढं पत्र तरी फोडू दे तिला," म्हणाली. मी म्हटलं, "अग, दोन आठवड्यांचा तर प्रश्न. परत आणू की." आणि नेऊन दिलं.

बक्षीस मला मिळालं. कोणाला मिळणार होतं? हॉल भाड्यानं घेतलेला, खुर्च्या, माईक, हार, पाहुणे. आई ठेवणीतली जरीची साडी नेसून चौथ्या रांगेत बसली होती. इतक्या पुढे ती पहिल्यांदाच बसली. मला शाल दिली आणि अध्यक्ष माझ्याबद्दल बोलले. माझी समज, माझी जाण, कानडी मुलखात वाढूनही वगैरे. गृहस्थांनी टिपून ठेवलेली माझी वाक्यं त्यांनी वाचून दाखवली. आईची वाक्यं. मी शांतपणाची भीती वगैरे ऐकत उभी होते, आणि खरं सांगू, मला बरं वाटत होतं. त्या लोकांनी मला आपली म्हणावं याची मला भूक होती. अशी भूक की त्यापुढे काही सुचू नये.

मग अध्यक्षांना गंमत सुचली. नोंदवही हातात होतीच. "पण घराघरात विविधता असते बरं का," ते म्हणाले. "कन्या अभिजात साहित्य वाचते, आणि मातोश्री काय वाचतात? अठ्ठेचाळीस पुस्तकं, आणि अठ्ठेचाळीसही राक्षस!" हॉल हसला. साधं हसू नव्हे, लोक पुढे वाकून हसले. "वहिनी, उठा, उठा. सांगा बघू आम्हाला, सगळ्यात भयंकर राक्षस कोणता?"

माईक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. एक वाक्य पुरे होतं. 'ती माझी पुस्तकं आहेत.' चार शब्द. मी शालीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले.

आई उठली. तिनं त्यातलं एकही पुस्तक कधी उघडलं नव्हतं. माझ्या उशाशी पडलेली मुखपृष्ठं तेवढी बघितली होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतंच, मी काही बोलते का ते बघायला. मग तिला काय कळायचं ते कळलं. "तीन डोळ्यांचा अण्णा," ती म्हणाली. "हिरवं हिरवं गळतंय त्याच्या तोंडातनं. लई भ्या वाटतंय." हॉल फुटायचा राहिला. कोणीतरी 'तीन डोळ्यांचा अण्णा' असं पुन्हा म्हणालं आणि परत सगळे हसले. आई पण हसली, पदर तोंडावर घेऊन, आणि खाली बसली. मला टाळ्या पडल्या त्यापेक्षा जास्त तिला पडल्या.

परतताना बसमध्ये ती खिडकीला होती. मी म्हटलं, "आई, मी सांगणार होते." ती म्हणाली, "सरी, असू दे, सोड." सांगणार होते म्हणे! आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले आणि मास्तरणीची कादंबरी घेऊन आले. आईच्या मांडीवर ठेवली. तिनं पुसली, उलटीपालटी केली आणि परत माझ्या हातात दिली.

"हे तुझ्या नावावरचं आहे. तू वाच."

"अग आई, काहीतरीच काय! वाच की."

"माझ्या नावावरचं आण," ती म्हणाली. "त्या वहीत माझं नाव घालून लिवलंय, एवढ्या लोकांत मी हो म्हटलं. खोटं बोलले ना मी? आता वाचायला नको?"

मला वाटलं रुसलीय, चार दिवसांनी विसरेल. आई रुसणारी नव्हतीच. तिला खोटं पचत नसे, एवढंच. ती खरोखर राक्षस वाचायला लागली. आपल्या नावावर, आपणच टेबलापाशी जाऊन, यादीतलं पहिलं, मग दुसरं. गृहस्थ आता तिला काही विचारत नसत, नुसते मिशीत हसत. दुपारी दोन ते चार, खिडकीपाशी, ओळीखाली बोट. तेवढ्याच मन लावून, तेवढ्याच सावकाश. "किंकाळी म्हणजे काय ग?" विचारायची. "खवले म्हणजे माशाचे असतात तेच का?" मी सांगायचे. ती हसायची नाही, घाबरायची नाही. मला मात्र त्यानंतर असली एकही कादंबरी वाचवली नाही. घरात तीन डोळ्यांचं चित्र दिसलं की मी दुसऱ्या खोलीत जायची.

यादीतली बावीस पुस्तकं वाचून झाली तिची. तेव्हा डावा डोळा जवळजवळ गेलाच होता, उजव्यानं पुस्तक अगदी नाकाशी धरायला लागायचं. एका दुपारी मला राहवलं नाही. मी तिच्यापुढे खाली बसले, रडले आणि म्हटलं, "आई, पुरे कर ग. खोटं तू नाही बोललीस, मी बोलले. मी उद्या जाऊन सगळ्यांना सांगते. हे ठेव. मी तुला मास्तरणीचं वाचून दाखवते, त्या पत्रात काय होतं ते सांगते."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. बोट मात्र ओळीवरून काढलं नाही.

"स्वल्प थांब," म्हणाली. "त्या अंड्याचं काय झालं ते बघू दे."

मी उठून आत गेले आणि चहा टाकला. दुसऱ्या दिवशी मी मंडळात गेले नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. कोणालाच काही सांगितलं नाही. वर्षभरात आईचं वाचन बंद पडलं. त्या पत्रात काय होतं ते मला माहीत आहे. तिनं शेवटपर्यंत विचारलं नाही.