नातीचा चुडा

नातीच्या लग्नात मन्यारीन भाबीले बोलावनं धाडलं नाही. थे माह्या तोंडानं ठरलं, म्हनून मीच सांगते.

भाबी रिसोडची, मुसलमान. बांगड्या भरनं हा तिच्या घरचा धंदा. आमी माळी, गावाशेजारी वांगे-मेथी पिकवतो. माह्या सासूचा हात तिच्या सासूनं भरला, माहा तिनं. घरात लग्न निघालं की भाबी येनार, टोपलं उतरवनार, नवरीचा पंजा हातात घेऊन चेपनार, आन् "बिस्मिल्ला" म्हनून पयली हिरवी बांगडी चढवनार. आमच्या घरच्या साऱ्या सवाष्नी त्याच शब्दावर सवाष्नी झाल्या. कोनाले त्याचं काही वाटलं नाही. चुडा भरल्याबिगर आमच्यात हळद लागत नाही.

यंदा माहा लेक म्हने, "माय, भाबीले निरोप नको धाडू."

"काहून?"

"गावातले पोट्टे बोलून राह्यले. मोबाइलवर कायबाय लिवून राह्यले. लग्नात तमाशा कायले पायजे?"

"तुह्या बायकोचा हात तिनंच भरला नं रे?"

"तवाचं येगळं होतं."

मालक गेले तवा हा लेक कडेवर होता. डोक्यावर भाजी घेऊन मी बजार केले, कोनापुढं मान खाली घातली नाही. पन आता घर त्याचं चालते. मी म्हनलं, "नको तं नको."

हळदीच्या दिवशी दुकानातल्या बांगड्या आनल्या. नातीची मामी भराले बसली. नात वावरात राबनारी, तिचा पंजा रुंद. पयली बांगडी वाढली. फुटली म्हनत नाहीत, वाढली म्हनतात. दुसरी वाढली. तिसरीनं हात कापला, रगत आलं. मी विधवा, मले चुड्याले हात लावता येत नाही. दूर खांबाले टेकून पाहून राह्यली.

नात रडत म्हने, "आजी, भाबी काहून नाही आली व?"

मी चप्पल घातली, ऑटो केला आन् रिसोडले गेली.

भाबी दारातच बसली होती. उठली नाही.

"याद आली का बाई? हळद आजच हाय नं? अर्धं रिसोड जेवाले गेलं, मी पाहून राह्यली."

"भाबी, पोरीचा हात कापला."

"कोनं भरला?"

"मामीनं."

"मामीले काय येते? हात म्हंजे वांगं हाय का, दाबलं की झालं?"

"चाल आता."

"लेकानं नको म्हनलं नं तुह्या?"

खोटं बोलता आलं असतं. "लेकानं म्हनलं. मीनं हो म्हनलं."

थे उठली. मंग टोपलं उचललं.

घरी आल्यावर तिनं खोबरेल मांगतलं. कापल्या जागी चिंधी बांधली, पंजा चोळला, चेपला. "बिस्मिल्ला" म्हनली, रोजच्या आवाजात. कोनी चूं केलं नाही. एकही बांगडी वाढली नाही. नात पाया पडाले वाकली तं तिनं दोनी खांदे धरून उठवलं.

"पायावर नको बेटी. सुखानं नांद."

सुनेनं सुपात गहू, खन, नारय आनलं. भाबीनं थे नातीच्या हातून घेतलं. जेवाले थांब म्हनलं तं थांबली नाही.

मी रस्त्यापावतर गेली. "भाबी, राग धरू नको."

"पोट्ट्यांचा राग नाही बाई. थे बोलतात आन् इसरतात. तूनं हो म्हनलं."

आन् ऑटोत बसली.

लग्न नीट झालं. नात सासरी सुखात हाय. मी अजून बजाराले जाते, भाबीच्या दारावरून जाते. थे बस म्हनते, पानी देते. पयले आपल्या मनानं माही मेथीची जुडी उचलून घ्यायची. आता भाव पुसते.