अँब्युलन्सचे सहा प्लग

१९४३ च्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग अहमदनगरला, लष्करी गाड्यांच्या एमटी वर्कशॉपमध्ये होती. रँक हवालदार, ट्रेड फिटर. पोरं मला उस्ताद म्हणायची आणि खोटं कशाला सांगू, मला ते लई आवडायचं.

लढाईतलं पेट्रोल घाण. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर काजळी धरायची, थंडीत गाडी सुरू करायला हँडल मारून खांदे निखळायचे. स्टोअरमध्ये एकाच मापाचे दोन प्रकारचे प्लग होते. गरम प्लग उष्णता धरून ठेवतो, काजळी जाळतो, गाडी झटकन सुरू होते. थंड प्लग उष्णता सोडून देतो. सकाळी रुसतो, पण लांब पल्ल्यावर पूर्ण वेगात पळवताना तोच टिकतो; गरम प्लग तिथं तापून इंजिन जाळतो. अँब्युलन्सला थंड प्लगच टाकायचे, असा लेखी हुकूम होता.

आमची रीत निराळी. सोमवारी इन्स्पेक्शन. साहेबासमोर पहिल्या हँडलला गाडी सुरू झाली नाही, तर फिटरची शोभा. म्हणून रविवारी गरम प्लग चढवायचे, सोमवारी दुपारी काढून पुन्हा थंड बसवायचे.

त्या सोमवारी साहेब माझ्यावर खूश होऊन गेला. दुपारी अँब्युलन्सचा ड्रायव्हर, लान्स नायक रहीम शेख आला. नेवाशाकडचा पोरगा, शांत.

"उस्ताद, प्लग बदलायचं ऱ्हायलं की."

"राहू दे. कशी मस्त चालतीय बघ."

"चालतीय व्हय. पर उद्या फायरिंग रेंजवर जायचं हाय, लांब."

"फिटर तू का मी?" मी खेकसलो.

तो हसला आणि गेला. सहा प्लग बदलायला वीस मिनिटं लागतात. मी चहाला गेलो.

मंगळवारी सकाळी रणगाड्यांची फायरिंग होती. मी बंद पडलेल्या गाड्या ओढायची ब्रेकडाउन लॉरी घेऊन रेंजवर हजर. नऊ चाळीसला एक गोळा खडकावर आपटून भलतीकडेच उसळला. वायरलेसवर आवाज आला.

"वन कॅज्युअल्टी. सेंड अँब्युलन्स. ओव्हर."

मग लगेच, "अँब्युलन्स ड्रायव्हर इज द कॅज्युअल्टी. ओव्हर."

जखमी खुद्द अँब्युलन्सचा ड्रायव्हर! मी धावलो. रहीम गाडीशेजारी पडला होता. मांडीत कपचा घुसला होता, रक्ताची धार लागलेली. अँब्युलन्सवरचा मलमपट्टीवाला ऑर्डर्ली आणि मी त्याला आत घातलं. दुसरा ड्रायव्हर नव्हता. स्टिअरिंग मी धरलं.

हॉस्पिटल अठरा मैल. मी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला तो उचललाच नाही. आठव्या मैलाला इंजिन आतून ठकठक ठोकायला लागलं. मागून रहीमचा आवाज आला.

"ठोकतीय, उस्ताद. हळू घ्या."

"गप पड रे!"

अकराव्या मैलाला धाडकन आवाज झाला, निळा धूर आला आणि गाडी थांबली. दहा वाजून पाच मिनिटं.

बोनेट उघडलं, तिसरा प्लग काढला. हाताला चटका बसला, तो नंतर कळला. प्लगचं टोक मेणासारखं वितळून गेलं होतं. खाली पिस्टनला आरपार भोक. रविवारी मीच चढवलेला गरम प्लग. आई शपथ, जर्मनानं तोफ लावली असती तरी मी एवढा हादरलो नसतो.

"काय झालं, उस्ताद?" आतून रहीमनं विचारलं.

"काय न्हाई रे. पेट्रोलात कचरा हाय."

"मग हुईल चालू," तो म्हणाला.

ऑर्डर्ली दोन्ही हातांनी जखम दाबून होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दहा पस्तीसला रहीम गेला. पावणेअकराला श्रीगोंद्याकडून एक उसाची लॉरी आली. हॉस्पिटलात डॉक्टर एवढंच म्हणाले, "पाऊण तास आधी आणला असता तर वाचला असता."

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत 'मेकॅनिकल फेल्युअर' लिहिलं गेलं. प्लगचं मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण झोप लागेना. महिन्याभरानं रजा काढून त्याच्या गावी गेलो. बापाला खरं सांगायचं, मग तो काय करील ते करो, असं ठरवून गेलो होतो.

म्हातारा दारातच होता. मी नाव सांगितलं.

"तुमीच का ते उस्ताद?" त्यानं माझे दोन्ही हात धरले. "साहेबाचं पत्र आलं हुतं. इंजिन फुटंस्तवर गाडी पळवली म्हनं तुमी. माज्या रहीमसाठी."

त्यानं माझे हात आपल्या डोळ्यांना लावले.

मी तोंड उघडलं. "व्हय, चाचा," एवढंच बाहेर पडलं.

त्यानं आत आवाज दिला, "ताट वाढा, रहीमचे उस्ताद आलेत."

मी जेवलो.