हळू गाण्याची तालीम

माझा आवाज मोठा होता आणि त्याचा मला फार ताठा होता. हे आता कबूल करायला सोपं जातं, कारण तो आवाजही राहिला नाही आणि ताठाही बराचसा उतरला. प्लेगाने मुंबई ओस पाडली त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. मी बाविशीत होतो, गिरगावात एका संगीत नाटक मंडळीच्या बिऱ्हाडी राहत होतो आणि नायिकेची कामं करत होतो. आमच्या मंडळीत बायका नव्हत्या. मिशा काढलेल्या आम्हा बाप्यांनाच लुगडी नेसून विरहाने झुरावं लागे.

गाणं कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की मी छाती पुढे काढून सांगत असे, "कुठेच नाही." खरं म्हणजे मी ते परळच्या गिरणीत शिकलो होतो. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, तिथे विणकर होते आणि त्यांच्या शेजारच्या मागावर मी चार वर्षं काढली. माग सुरू झाले की त्या खात्यात शेजाऱ्याचा शब्दसुद्धा ऐकू येत नसे. जुने विणकर नुसते ओठ हलवून एकमेकांशी बोलत. मी मात्र त्या खडखडाटाच्या वर आवाज चढवून भजनं म्हणायचो आणि दोन मागांपलीकडचा माणूस हात वर करून दाद द्यायचा. एका गुरुवारी भोईवाड्याच्या देवळात आमच्या मंडळीच्या मालकांनी मला ऐकलं, आणि महिन्याभरात माझ्या अंगावर लुगडं चढलं.

घरीही मोठ्यानंच बोलायची रीत होती. मागांनी आबांचे कान खाल्ले होते, पण तसं घरात कुणी म्हणत नसे. आई ओरडून बोलायची, आबा मान डोलवायचे, कधी भलतंच उत्तर द्यायचे, आणि मग आम्ही तो विषयच सोडून द्यायचो. एकदा मी देवळातून भजन म्हणून घरी आलो तेव्हा ते म्हणाले होते, "सगळ्यांत तुझो आवाज तेवढो येता रे माका."

ते वाक्य मी मनात जपून ठेवलं होतं. आईचा आवाज त्यांना येत नाही, देवळातल्या घंटेचा येत नाही, माझा येतो! मग मी तो कमी कशाला करू?

नाटकातही कुणी कमी कर म्हणत नव्हतं. प्रेक्षक वन्समोअर देत होते. एका नाटकात मी शोकाने मूर्च्छित पडत असे. पडण्याआधीच्या पदाला वन्समोअर आला की मी उठायचो, पदर सावरायचो, तेच पद पुन्हा म्हणायचो आणि पुन्हा मूर्च्छित पडायचो. एकदा असा तीन वेळा पडलो. त्या दिवशी माझी खात्रीच झाली, की मला शिकवील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

तो माणूस पुढच्याच महिन्यात वळकटी घेऊन दारात उभा राहिला. मालकांनी तालमीसाठी एका म्हाताऱ्या गवईबुवांना आणलं होतं. बुवा किडकिडीत, दम्याने बेजार. स्वतः दोन ओळी गायले की खोकल्याची उबळ येई. त्यांनी माझं एक पद शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाज देवाने दिलेला आहे. आता आपण गाणं शिकू या."

मला इतका राग आला की जेवायच्या पंगतीत मी माझं पान त्यांच्यापासून चार पाटांवर नेऊन मांडलं.

आमच्या मंडळीत एक चमत्कारिक पद्धत होती. खेळाच्या दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं आटोपली की सगळे माडीवर बसत. ज्याच्या कामाबद्दल बोलायचं त्याच्या तोंडात अख्खी सुपारी दिली जाई. ती फोडायची नाही आणि काढायचीही नाही. म्हणजे दोष ऐकताना उलट बोलायची सोयच नाही. सगळ्यांचं सांगून झालं की मग सुपारी काढायची, तोपर्यंत माणसाचा राग निवलेला असे. बुवा आल्यावरच्या पहिल्याच बैठकीत सुपारी माझ्या तोंडात होती. बुवा मऊ आवाजात म्हणाले, "तुमचे यजमान शेजारच्या आसनावर बसलेत. तुम्ही त्यांना लालबागेहून हाक मारताय." सगळे हसले आणि मी सुपारी कडाकडा फोडली. त्या भरात दाढ अशी दुखावली की दोन दिवस पेजेवर काढावे लागले.

मग नवं नाटक बसायला लागलं. त्यात एक प्रवेश होता. नवरा मोठ्या दुखण्यातून उठलाय, त्याला नुकताच डोळा लागलाय, आणि बायको पंख्याने वारा घालत, त्याची झोप मोडणार नाही अशा बेताने चार ओळींचं पद म्हणते. सगळं नाटक त्या चार ओळींवर उभं होतं. मी ते पद माझ्या पद्धतीने म्हटलं. नवऱ्याचं काम करणारे गृहस्थ डोळे मिटून पडले होते, ते दचकून उठून बसले आणि मग त्यांना हसू आवरेना.

मालक हसले नाहीत. "रंगीत तालमीपर्यंत हे पद हळू म्हणता आलं तर नायिका तुमची," ते म्हणाले. "नाहीतर मी दुसऱ्याला उभं करतो." रंगीत तालीम म्हणजे कपडे, रंग, पडदे, सगळं लावून केलेली शेवटची तालीम. तिला दोन-अडीच महिने होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुवांच्या खोलीत गेलो. भांडायलाच गेलो होतो, पण ते चुलीवरच्या पाण्याची वाफ घेत बसले होते, आणि वाफ घेणाऱ्या म्हाताऱ्याशी भांडता येत नाही. मी खाली बसलो आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं.

"बुवा, हळू गायलो तर माझ्या वडिलांना ऐकू येणार नाही. त्यांच्या कानात शिरणारा एवढा एकच आवाज उरलाय. तो मी बारीक केला तर ते माझ्यापासून तुटतील."

बुवांनी वाफेवरून तोंड बाजूला घेतलं. मग त्यांनी विचारलं, "ते तुमचं नाटक बघायला येतात?"

"नाही." दोन वर्षांत आबा एकदाही आले नव्हते. मुलाने माग सोडून लुगडं नेसलं, हे त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

"मग या खेपेला बोलवा. आपण त्यांना अगदी पुढे बसवू. आणि तोवर खर्ज लावा."

दोन महिने त्या माणसाने मला खालच्या षड्जावर बसवून ठेवलं. रोज सकाळी तोच एक सूर, तोही शेजारच्याला जेमतेम ऐकू जाईल एवढाच. पहिल्या आठवड्यात मला रडू यायचं बाकी होतं. मोठ्या आवाजात सगळं झाकलं जातं, हे मला तेव्हा कळलं. हळू गायला लागलो आणि सूर कुठे डळमळतो, श्वास कुठे तुटतो, सगळं उघडं पडलं. ज्याला मी माझं गाणं समजत होतो तो नुसता जोर होता. बुवा कधी रागावले नाहीत. चुकलं की डोळे मिटून म्हणायचे, "पुन्हा," आणि बरोबर आलं तरी तेच म्हणायचे. हळूहळू मीच त्यांच्यासाठी सकाळी पाणी तापवायला लागलो. पंगतीतलं माझं पानही परत त्यांच्या शेजारी आलं. त्यांनी आपल्या पानातली लोणच्याची फोड माझ्या पानात टाकली.

रंगीत तालीम एका रविवारी दुपारी ठरली. आधीच्या रविवारी मी भोईवाड्यात घरी गेलो. आबा दारात सूप घेऊन सुकट निवडत बसले होते.

"आबा, फुडच्या आयतवाराक गिरगावात तालीम आसा! तुमी येवा!" मी ओरडलो. अख्ख्या चाळीला आमंत्रण गेलं.

आबांनी सुकटीतला खडा शोधून बाहेर फेकला. "बापयो असान लुगडां नेसतंस, तां बघूक येऊ?"

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला, "फुडे बसाक गावतला?"

आले. भोईवाड्यापासून गिरगावापर्यंत चालत आले, धुतलेलं धोतर, काळा कोट आणि टोपी घालून. पहिल्या रांगेत मधोमध बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मुकादमापुढे बसावं तसे. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. हळू म्हणावं तर आबांना काही मिळणार नाही, आणि मोठ्यानं म्हणावं तर नायिका जाणार, बुवांचे दोन महिने जाणार. प्रवेश सुरू झाला. मी पंखा हातात घेतला आणि हळूच म्हटलं. आबांकडे बघायचं धैर्य झालं नाही.

पद संपलं. झोपलेले यजमान झोपलेलेच होते. मालक म्हणाले, "जमलं." बुवा विंगेतून आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात आबा उठून उभे राहिले. कानाने गेलेली माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात, सगळ्या मंडळीसमोर ते म्हणाले, "दुसऱ्या वळीतलो शेवटचो शबूद अर्धोच म्हणतंस! तोंड आधीच मिटतंस!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. माझी कानशिलं तापली. दोन महिने घासलेलं गाणं, बुवांनी पाठ थोपटलेलं, आणि त्यात चूक काढणार कोण? मी मान जराशी वळवली आणि आवाज न करता, खात्यातले विणकर बोलत तसे नुसते ओठ हलवून म्हणालो, "बहिऱ्याला गाण्यातलं काय कळतंय!"

कुणालाच ऐकू गेलं नाही. शेजारीच उभ्या असलेल्या बुवांनाही नाही. मी पुन्हा समोर पाहिलं तर आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. ते सावकाश खाली बसले.

"खरां आसा," ते म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज अगदी लहान होता.

ज्या एका माणसाला ते कळू नये त्यालाच कळलं होतं. तीस वर्षं मागावर काढलेल्या विणकरापुढे मी ओठांनी बोललो होतो.

बुवांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते स्वतःशीच ते पद पुटपुटत होते. "ते म्हणतात ते बरोबर आहे," ते म्हणाले. "श्वास पुरवायला तुम्ही तो शब्द गिळता. मला पद पाठ, म्हणून माझ्या कानांनी तो आपणच पुरा करून घेतला. दोन महिने माझ्या लक्षात आलं नाही. पुन्हा म्हणा."

मी रंगमंचावरून खाली उतरलो. लुगडं, नथ, कपाळावर कुंकू, अशा सगळ्या थाटात आबांच्या समोर जमिनीवर बसलो. तबला नाही, सारंगी नाही. दुसरी ओळ म्हटली, श्वास आधी घेतला आणि शेवटचा शब्द पूर्ण ओठांवर आणला. आबा मुळीच हलले नाहीत. सुताचा तुटका धागा शोधताना बघायचे तसे माझ्या ओठांकडे बघत होते.

"आता पुरो झालो," ते म्हणाले.

"आबा, माझां चुकलां," मी म्हणालो. आवाज जवळजवळ काढलाच नाही. तरी त्यांनी लगेच मान हलवली.

"तुझो पण आवाज येणा नाय रे. चार वर्सां झाली," ते म्हणाले. "तू माझ्यासाठी वरडतंस, म्हणान मी मान डोलवतंय. आता वरडू नको. वरडतंस तेवा तोंड वाकडां होता. तू बोलतंस तां माका दिसता."

मी मांडीवरचा पदर डोळ्यांना लावला. रंग सगळा पदराला लागला आणि कपडेपटवाले माझ्या नावाने ओरडायला लागले.

संध्याकाळी मी त्यांना पोचवायला निघालो. रस्त्यावरून जाताना मी त्यांच्या जरा पुढे, तोंड त्यांच्याकडे करून चालत होतो, दोनदा लोकांवर आदळलो. ज्या साध्या आवाजात घरी आयुष्यात कधी बोललो नव्हतो त्या आवाजात मी त्यांना विचारलं, "आबा, आणखी काय काय चुकता माझां?" त्यांनी थोडा विचार केला आणि सांगायला सुरुवात केली, आणि लालबाग आलं तरी ते सांगतच होते.